उंबरठ्याच्या आतले काम

मराठीत 'घरकाम' हा शब्द आहे आणि 'गृहोद्योग' हाही आहे. पहिल्या शब्दात कष्ट दिसतात, मोबदला दिसत नाही. दुसऱ्यात मोबदला दिसतो, पण कष्ट मसाल्याच्या आणि पापडांच्या वासात विरून जातात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे काम आहे आणि त्याला आपल्या बोलीत नाव नाही. व्यापाऱ्याचा माल स्वतःच्या घरी आणायचा, त्याने ठरवलेल्या दराने तो सोलायचा, वळायचा, शिवायचा किंवा निवडायचा, आणि मापून परत द्यायचा, असे हे काम. सरकारी मराठीने त्यासाठी 'गृहाधारित कामगार' असा शब्द घडवला आहे, पण तो कोणाच्या तोंडी रुळलेला नाही. लोक म्हणतात, 'ती घरबसल्या चार पैसे मिळवते.' या 'घरबसल्या' शब्दाला विनासायास असा एक अर्थ चिकटून आलेला आहे. तासन्‌तास जमिनीवर बसणे हीच या कामातली पहिली इजा असते, याचा त्या शब्दाला पत्ता नाही.

दुसऱ्यासाठी केलेले काम जेव्हा स्वतःच्या घरात होते, तेव्हा त्या कामापायी शरीराला जे सोसावे लागते त्याची जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे. तो कायद्याचा प्रश्न वाटतो, आणि आहेही. परंतु कायद्याआधी तो नीतीचा आहे, कारण या व्यवहारात बहुधा कोणीच दुष्ट नसतो. दुष्टाला दोष देणे सोपे असते. जिथे सगळेच बरे आहेत आणि तरी एकीचे हात सोलून निघतात, तिथे दोष शोधायचा कसा?

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल नव्या काबिजादीतले. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. त्याआधी त्यांचे धागे सावंतवाडीशी जोडलेले होते आणि नंतरही ते तुटले नाहीत. तेरेखोलच्या अलीकडे-पलीकडे भाषा, देवदेवस्की आणि सोयरीक एक राहिली, तशीच घरातली कामेही एकसारखी राहिली. आमसुले, आंबापोळी, पापड, झाडण्या, बांबूच्या टोपल्या, फुलांच्या माळा, शिवण, डिचोलीच्या कुंभारांची मडकी. यांतली बरीच कामे स्वतःच्या मालाची आहेत. कुंभाराचे मडके विकले जाईपर्यंत कुंभाराचेच असते, त्याचा तोटा आणि त्याचा नफा दोन्ही त्याचे. त्याच्या पाठीचे दुखणे कमी खरे नव्हे, पण त्याचा हिशेब निराळा आहे. माझ्या प्रश्नाशी थेट भिडते ते दुसऱ्याच्या मालाचे काम, आणि पेडणे-डिचोलीपासून दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंतच्या डोंगरपट्टीत त्याचा ठळक नमुना म्हणजे काजू.

काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला, हे आपणा सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. बोंडूचे आपण कौतुक करतो, हुर्राकाच्या आठवणी काढतो. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा अभिमानही वाटला. बीच्या टरफलाकडे मात्र कोणी पाहत नाही. त्या टरफलाच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात दाट, काळपट तेल भरलेले असते. अॅनाकार्डिक आम्ल, कार्डॉल, कार्डानॉल ही त्यातली मुख्य द्रव्ये. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली. आंब्याचा चीक ओठाला लागून ज्याचे तोंड उतले आहे, किंवा बिब्बा उतल्यावर अंगाची काय दशा होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या तेलाची ओळख वेगळी करून द्यायला नको. रंग, रोगण आणि गाड्यांच्या ब्रेकचे अस्तर करणाऱ्या उद्योगांत याच तेलाला चांगली किंमत येते. सोलणारीच्या बोटांवर मात्र ते फुकट येते.

भाजलेल्या किंवा वाफवलेल्या बिया फोडताना हे तेल बोटांना लागतेच. बी भाजण्याचा धूर डोळ्यांना आणि छातीला झोंबतो. वाफवण्याच्या पद्धतीत धूर नाही, पण तेल टरफलातच राहते आणि फोडताना बाहेर येते. बायका हाताला खोबरेल लावतात, राख चोळतात. त्याने थोडा बचाव होतो. कातडी काळी पडते, मग सोलते, मग तिला भेगा जातात. त्या भेगांत दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल जाते. हाताच्या कष्टाने ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत, त्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि धान्यासाठी खेपा घालाव्या लागतात, हा अनुभव कष्टकऱ्यांच्या घरांना नवा नाही. कामाने माणसाची ओळख घडते असे आपण म्हणतो. इथे कामानेच ती पुसली जाते.

फोडणीनंतर येते गरावरची पातळ साल काढणे. हे काम स्वच्छ दिसते, आणि घरी दिले जाते ते बहुधा हेच. बाजारात 'डब्ल्यू ३२०' म्हणून जो काजू विकला जातो त्याचा अर्थ एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस अखंड गर, म्हणजे किलोत सुमारे सातशे. एक किलो सोलायचा तर सातशे वेळा अंगठा आणि तर्जनी तीच हालचाल करतात, सातशे वेळा डोळे एका बारीक कडेवर टेकतात, आणि मान वर होत नाही. दोन किलो म्हणजे चौदाशे. पावसाळ्यात दारे लोटलेली आणि खोलीत कुंद उजेड. सालीची बारीक धूळ नाकात जाते. कंबर, मान, खांदे, गुडघे यांचे दुखणे सावकाश येते आणि सावकाश येते म्हणूनच ते कामाचे दुखणे मानले जात नाही. 'वय झाले' या खात्यावर ते जमा होते. पस्तिशीतल्या बाईचेही वय झालेले असते.

आता हातमोज्यांचा प्रश्न पाहू, कारण सगळा तिढा त्या एका वस्तूत सापडतो. हातमोजे घातले तर तेल लागत नाही, हे सर्वांना कळते. पण हातमोज्याने बोटांचा वेग मंदावतो आणि गर तुटतो. अखंड गराचा भाव एक, पाकळीचा दुसरा, तुकड्याचा तिसरा. मजुरी किलोवर असते, आणि किलोही सोललेल्या अखंड गराचा. तेव्हा हातमोजा काढून ठेव असे तिला कोणी सांगावे लागत नाही. दरच सांगतो. तासावर मजुरी असती तर तिने हात जपले असते; किलोवर असल्याने ती स्वतःच्या हातांच्या विरुद्ध काम करू लागते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की ही स्वतःच बेफिकीर आहे. 'आम्ही हातमोजे देतो, त्या घालतच नाहीत' हे वाक्य खोटे नसते. ते अर्धे असते.

या कामाच्या समर्थनार्थ जे सर्वात बळकट म्हणणे आहे ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते असे: हे काम तिला सोयीचे पडते. मूल अंगावरचे असते, सासू अंथरुणाला खिळलेली असते, इब्रामपूर-हळर्णहून म्हापशाला जायचे तर बसच्या वेळा जमत नाहीत. काही घरांत अजूनही सुनेने बाहेर कामाला जाणे रुचत नाही. घरी काम आले तर चुलीवरचे दूधही उतू जात नाही आणि मुलाच्या वहीलाही कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हे सारे खरे आहे. जे विचारवंत शहरात बसून अशा कामावर बंदी घाला म्हणतात, त्यांनी त्या वहीचे पैसे कोठून येतील हेही सांगावे.

पण सोय म्हणजे संमती का? अॅरिस्टॉटलने वादळात सापडलेल्या तारवाचा दाखला दिला आहे. तांडेल माल समुद्रात फेकून देतो. तो स्वतःच्या हाताने फेकतो, विचार करून फेकतो, म्हणून कृत्य त्याच्या इच्छेचे म्हणावे लागते. आणि तरीही वादळ नसते तर कोणत्याही शहाण्याने ते केले नसते. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना हा दाखला चटकन पटेल. काजू सोलणारी बाई हे काम पत्करते हे खरे. पण म्हणून तिने तेलही पत्करले, असे कोणी म्हणू लागला तर ते माल फेकणाऱ्या तांडेलाला 'तुला माल नकोच होता' असे सांगण्यासारखे आहे. तिने सोय निवडली. इजा त्या सोयीच्या पाठीला बांधून आली. सोयीचे श्रेय जो घेतो त्याने इजेचा भारही घ्यावा, नाही तर सोयीचे नाव काढू नये.

डिचोलीच्या खाणपट्ट्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. पुढे लिलाव होऊन खनिजकाम पुन्हा सुरू होऊ लागले. त्या काळात शिरगाव, मुळगाव, पिळगावच्या बाजूला ट्रक दारातच उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. ज्या घरात पुरुषाची मिळकत थांबली त्या घरात बाईचे 'फावल्या वेळचे' काम फावल्या वेळचे राहत नाही. शब्द तोच राहतो. मीठमिरचीपुरते पैसे म्हणून ज्यांची बोळवण होत होती त्यांच्यावरच चूल पेटू लागते, पण दर मीठमिरचीचाच राहतो.

कारखान्यात हे असे चालले नसते काय? पुष्कळदा तिथेही चालते. परंतु तिथे विचारणारा कोणी येण्याची शक्यता तरी असते. १९४८ च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार आणि विजेशिवाय वीस कामगार असले की त्या जागेला कारखाना मानले. २०२० च्या संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले. दोन्ही आकड्यांत एकटी बाई बसत नाही. तिच्या घरातली जमीन, कौले, पाणी, दिव्याचे बिल, पाऊस गळला तर माल उचलून कोरड्या कोपऱ्यात नेण्याची जागरणे, हे सगळे व्यापाऱ्याला भाड्याविना मिळते. गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने दांपत्याच्या मालमत्तेत पत्नीचा अर्धा हिस्सा सर्वसाधारणपणे मानला जातो, आणि त्याचे आपण देशभर कौतुक ऐकतो. म्हणजे व्यापाऱ्याची ही बिनभाड्याची वखार निम्मी तिच्या मालकीची आहे. तिने भाडे मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.

उंबरठा कायद्याला कसा अडवतो याचे याहून बोलके उदाहरण १९८६ च्या बालकामगार कायद्यात आहे. मुलांना ज्या धोक्याच्या प्रक्रियांत लावू नये त्यांच्या परिशिष्टात काजूची बी सोलणे आणि तिच्यावरील प्रक्रिया यांचा उल्लेख होता. विडी वळण्याचाही होता. म्हणजे या कामात धोका आहे हे विधिमंडळाला ठाऊक होते. पण त्याच कायद्याने अशी सूट ठेवली की घरधनी कुटुंबीयांच्या मदतीने जिथे काम करतो त्या जागेला ही मनाई लागू नाही. २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या उद्योगात मुलांनी शाळेनंतर हातभार लावण्याची मुभा ठेवताना धोक्याची कामे वगळली खरी. परंतु घरात कोण पाहायला जातो? आणि मुळात हा कुटुंबाचा उद्योग आहे का? माल कुटुंबाचा नाही, दर कुटुंबाने ठरवलेला नाही, नफा कुटुंबाचा नाही. कुटुंबाचे आहेत ते फक्त हात.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घराण्यांचा या भूमीशी संबंध भाटांच्या आणि डोंगरांच्या मालकीतून आला आहे. म्हणून एक जुनी गोष्ट इथे काढतो, कोणाला अवघडल्यासारखे वाटले तरी. घर आणि काम यांची अशी गुंतागुंत गोव्याला नवी नाही. मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर राहत असे. त्याच्या झोपडीच्या मोबदल्यात माड राखणे, नारळ गोळा करणे, बोलावणे आले की हजर होणे हे ओघाने येत असे. त्याला वेठ म्हणत नसत. 'त्याला घर दिले आहे' असे म्हणत. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला तेव्हा अनेक सुसंस्कृत घरांतून खऱ्या दुःखाचे उद्गार निघाले: आम्ही त्यांना कधी परके मानले नाही, मग कायदा कशाला? त्या दुःखात ढोंग नव्हते. पण ज्याचे घर आपल्या मर्जीवर उभे आहे त्याला घरचे माणूस म्हणणे फार स्वस्तात पडते, एवढे त्या कायद्याने आपल्याला शिकवायला हवे होते. तेव्हा घर देऊन काम झाकले जात होते. आज तिच्याच घरात काम पाठवून ते झाकले जाते.

आणि इथे दयेचा प्रश्न येतो. काजूच्या दिवसांत मागल्या दारी येणारी, वर्षानुवर्षे ओळखीची, आपल्या मुलांना जिने खेळवले अशी बाई. तिला चतुर्थीला साडी दिली जाते, तिच्या मुलीच्या लग्नात पाकीट जाते, ताप आला तर डॉक्टरची फी दिली जाते. छोटे व्यापारीही यात कमी नसतात. ही माया खोटी नाही आणि तिची टिंगल मला करावयाची नाही. ज्या समाजात तीही उरत नाही तो समाज अधिक भयाण असतो. पण माया आणि देणे यांत एक फरक आहे. माया देणाऱ्याच्या मनावर असते. साडी यंदा दिली, पुढच्या वर्षी दिली नाही तरी तक्रार करता येत नाही. आणि साडी घेतलेल्या बाईला दर वाढवून मागणे दुप्पट जड जाते. कधी कधी वाटते की तोळाभर मायेने आपण शेरभर देणे फेडून टाकतो. त्यात मनाला बरे वाटते ते निराळेच.

मग देणे कोणाचे? साखळी लांब आहे. मुकादम म्हणतो, मी फक्त माल पोचवतो. व्यापारी म्हणतो, दर वरून ठरतो. मोठा व्यापारी म्हणतो, या बाया माझ्या नोकर नाहीत, त्यांची-माझी ओळखही नाही. गिऱ्हाईक म्हणजे आपण. परगावच्या आप्तांना अर्धा किलो काजू पाठवताना गर अखंड आहेत ना, एवढेच पाहतो. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि सगळ्यांचे तथ्य एकत्र केले की जबाबदारी शून्य उरते. माझ्या मते या गणितातली चूक अशी की आपण जबाबदारी जागेला बांधतो. जागा माझी, तर जबाबदारी माझी. जागा तिची, तर तिची. ती मालाला बांधली पाहिजे. पोत्यातून बिया ज्याने उंबरठ्याच्या आत पाठवल्या, त्याने त्यांच्यातले तेलही आत पाठवले. माल परत येईपर्यंत तो त्याचा आहे, तर त्या मालाची बाधाही त्याचीच.

हा केवळ तर्कट विचार नाही. शेजारीच तो एकदा कायद्यात उतरला होता, विडीच्या धंद्यात. आंबोलीचा घाट चढून आजरा, गडहिंग्लज ओलांडले की पलीकडे निपाणी. तंबाखूच्या वखारी आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका यांचे ते गाव. सोलापूर, सिन्नर, संगमनेर हीही त्याच वाटेची ठिकाणे. टेंभुर्णीची पाने आणि तंबाखू घरी आणायची, हजाराच्या हिशेबाने विड्या परत द्यायच्या. तंबाखूची भुकटी फुप्फुसात, निकोटीन कातडीतून रक्तात, आणि पाळणा त्याच खोलीत. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी कच्चा माल नेऊन विडी वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले. स्वतःचा माल वळणाऱ्या कुटुंबाला कायद्याने वगळले. पण दुसऱ्याच्या मालावर काम करणारीला घराच्या आडोशाने वगळले नाही. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात तो कायदा उचलून धरला. त्या निकालातला एक विचार मला फार मोलाचा वाटतो. ती कोणाच्या नजरेखाली काम करत नाही, मग मालकाचे नियंत्रण कुठले, या आक्षेपाला न्यायालयाचे उत्तर असे होते की तयार माल नाकारण्याच्या अधिकारातच नियंत्रण आहे. ज्याला विडी छाट म्हणून बाजूला टाकता येते, तो मालक. हेच माप काजूला लावून पाहावे. तुटलेल्या गराचे पैसे जो कापतो, त्याला 'ती माझी नोकर नाही' असे म्हणण्याचा अधिकार कितपत उरतो?

विडी कामगारांच्या वाट्याला नंदनवन आले असे मात्र कोणी समजू नये. छाटीवरून भांडणे चालू राहिली, ओळखपत्रांसाठी वर्षे गेली, छातीचे विकार गेले नाहीत. पण दवाखाने उघडले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये ती त्यांच्या हवाली झाली. या कल्याणनिधीला पैसा पुरवणारा विडीवरचा उपकर २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आल्यावर बंद झाला, आणि १९६६ चा तो कायदाही पुढे व्यापक संहितेत विलीन करण्यात आला. तरी एक गोष्ट सिद्ध झाली ती झालीच. उंबरठा ओलांडता येत नाही, हे खरे नाही.

इंग्लंडातही हेच घडून गेले आहे. क्रॅडली हीथ या गावी बायका घराच्या परसातल्या भट्टीत हातोड्याने लोखंडी साखळ्या घडवीत. १९०६ मध्ये लंडनमध्ये अशा घरगुती कामांचे एक प्रदर्शन भरले. आगपेट्यांची खोकी चिकटवणाऱ्या, शिवण शिवणाऱ्या बायका लोकांसमोर बसून काम करीत आणि त्याची मजुरी जाहीर केली जाई. ज्या वस्तू घरात रोज वापरायच्या त्या कशा होतात हे उच्चभ्रू समाजाने तेव्हा पाहिले. १९०९ मध्ये किमान दर ठरवणारा कायदा झाला, आणि मालकांनी टाळाटाळ केल्यावर १९१० मध्ये क्रॅडली हीथच्या बायकांनी मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली संप करून तो दर पदरात पाडून घेतला. दया आधी, कायदा नंतर आणि संप शेवटी, असा तो क्रम होता; तिसऱ्या पायरीवाचून दुसरी कागदावरच राहिली असती.

आपल्याकडे इला भट्ट यांच्या 'सेवा' संस्थेने हा विषय जिनिव्हापर्यंत नेला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी केलेल्या कामाविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, आणि आरोग्याचे रक्षण त्यात धरलेले असावे, असे तो म्हणतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र अशा कामगाराची व्याख्या आली आहे: मालकासाठी, मोबदला घेऊन, स्वतःच्या घरी उत्पादन करणारी व्यक्ती, मग साहित्य मालकाने पुरवो वा न पुरवो. व्याख्या चांगली आहे. २०२१ पासून नोंदणीही सुरू आहे. पण नोंदणीत बाईचे नाव येते; तिला माल पाठवणाऱ्याचे नाव त्यासमोर येईल तेव्हा कोणाकडे काय मागायचे हे कळेल. तोवर ती एक मोजलेली व्यक्ती असते, इतकेच. खानेसुमारीवाल्याने 'काय करता' विचारले तर ती पुष्कळदा स्वतःच सांगते, 'काही नाही, घरीच असते.' तिला हे कोणी शिकवले, हा विचार आपण करायचा आहे.

सहकाराचा मार्ग आहे असे कोणी म्हणेल, आणि १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे उदाहरण देईल. ते उदाहरण खरोखर तेजस्वी आहे. पापड घरी लाटले जातात, पण लाटणारी धंद्याची भागीदार असते. मालकी बदलली की दराचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. शरीराचा सुटतोच असे नाही. लाटणाऱ्या घराची स्वच्छता पाहिली जाते, ते योग्यच, कारण पापड कोणाच्या तरी पोटात जायचा असतो. लाटणारीची पाठ कोणाच्या पोटात जात नाही, म्हणून ती पाहायची आठवण वेगळी ठेवावी लागते. काजूपट्टीतल्या स्वयंसाहाय्य गटांनी हे आधीच मनात धरले तर बरे.

शेवटचा आक्षेप धंदेवाईकांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दर वाढवले, हातमोज्यांचा तोटा व्यापाऱ्यावर टाकला, तर काम तिच्याकडून जाईल, यंत्रे येतील. व्हिएतनामने सोलणीची यंत्रे बसवून जगाचा बाजार काबीज केला, हे खरे. आपल्याकडचे कारखाने निम्मा कच्चा काजू आफ्रिकेतून आणतात आणि स्पर्धा तीव्र आहे, हेही खरे. म्हणून उद्या टरफल फोडण्याचे काम पूर्णपणे यंत्राकडे गेले तर मला तरी दुःख होणार नाही. त्या तेलात बोटे बुडवण्याची परंपरा जपण्याजोगी नाही. सालीचे आणि निवडण्याचे काम काही काळ हातांकडे राहील. त्यासाठी फार मोठा खर्च लागतो असे नाही: कमरेइतक्या उंचीचे मेज, पाठीला टेकू, डोळ्यांसमोर दिवा, तिच्यासमोर वजन, दर लिहिलेली वही तिच्याही हाती, आणि तुटलेल्या गराची एक मर्यादा ठरवलेली, जिच्या आत कपात होणार नाही. त्या मर्यादेमुळेच ती हातमोजा घालू शकेल. हा खर्च किलोमागे किती येतो हे व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले काढता येईल. तो त्याने काढावा, आणि डबा घेताना आपणही त्याला तो विचारावा. आपल्या ओळखीचा दुकानदार पहिल्यांदा हसेल. येत्या हंगामात, मार्च-एप्रिलमध्ये, नवा गर येतो तेव्हा विचारून पाहायला हरकत नाही.